दर्भाचा कावळा

चिंतामणी सरांनी महाडच्या कॉलेजात उभी हयात इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर एका मेलेल्या इंग्रज पाद्र्याला घरात आणून बसवलं. हे अनुपमावहिनींचं म्हणणं, म्हणजे सरांच्या बायकोचं. माझं टायपिंगचं दुकान सरांच्या घराला भिंतीने भिंत लागून, त्यामुळे त्यांची भांडणं मला फुकटात ऐकू यायची. शिवाय मी सरांची विद्यार्थिनी, इंग्रजीत नापास झालेली.

हा पाद्री अठराव्या शतकातला. एका लॅटिन कवितेचं त्याने इंग्रजीत भाषांतर केलेलं, दोन-दोन ओळींची यमकं जुळवून. सरांना ते पुस्तक मुंबईत रद्दीत मिळालं. कवितेत एक शेतकरी आहे. त्याच्या हेळसांडीने त्याची बायको मरते, आणि तो मेलेल्यांच्या नदीकाठी जाऊन तिला हाका मारत राहतो. सर हे सगळं मराठी ओवीत आणत होते. एकेका शब्दावर आठवडा घालवायचे. मी टाइप करायची आणि मनात म्हणायची, पाद्रीबुवा सुटले बिचारे, आता माझी पाळी.

मग तो मोठा पूर आला. महाडात लहान पोरालाही ठाऊक असतं की पाणी उतरायला लागलं की त्याच्याबरोबरच चिखल खराट्याने बाहेर लोटायचा. एकदा सुकला की तो कुदळीलाही दाद देत नाही. वहिनी खराटा घेऊन खाली उतरल्या आणि वर माळ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, या की. चिखल ओला आहे तोवर लोटू या." सर माळ्यावर पाद्र्याची भिजलेली पानं एकमेकांपासून सोडवत बसले होते. "आलोच," म्हणाले. आले नाहीत. वहिनी एकट्याच अख्खं घर लोटत राहिल्या. पायात काच शिरली, जखमेत चिखल गेला, मग ताप चढला आणि त्या गेल्याच. मला सरांचा आजही राग येतो, आणि दयाही येते.

दहाव्याला सावित्री नदीच्या घाटावर पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय. मग मागे राहिलेल्यांनी हात जोडून शब्द द्यायचा. मुलगी श्रिया पुण्याहून आलेली. ती म्हणाली, "आई, बाबांना मी सांभाळीन." वहिनींच्या भावानेही काहीबाही कबूल केलं. कावळे हलले नाहीत. घरी कामाला येणारी नाते गावची बयाबाई सरळ सरांकडे बघून म्हणाली, "बाय रुसली हाय. तुमी बोला, सर. तुमी बोलल्याबिगर कावला शिवायचा नाय."

सरांच्या तोंडून शब्द फुटेना. ऊन चढलं, माणसं चुळबुळायला लागली. शेवटी गुरुजींनी दर्भाच्या काड्या वळून एक कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि विधी उरकला.

"हा चालतो?" सरांनी विचारलं.

"शास्त्राला चालतो," गुरुजी म्हणाले.

तेव्हापासून सरांना खराटा ऐकू यायला लागला. भर दुपारी दुकानात येऊन विचारायचे, "मानसी, तुझ्याकडे कोणी झाडतंय का गं?" कोणी नसायचं. त्यांच्या दाराच्या चौकटीतून मात्र पुराची पिवळी माती गळत राहायची, कितीही पुसा. एकदा त्यांची समजूत काढायला म्हणून मी भिंतीला कान लावला. पलीकडे ओल्या फरशीवर खराटा सरकत होता, आणि सर माझ्या शेजारी उभे होते. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

गेल्या वर्षी सर कवितेच्या शेवटाला पोचले. पाद्र्याच्या अखेरच्या दोन ओळींत बायको नवऱ्याला माफ करते. सरांनी त्याची ओवी केली:

जा घरी सख्या आता । राग माझा सरला ।
दिवा तुझाच उरला । डोळ्यांत माझ्या ॥

ती मला वाचून दाखवली. "ती बोलली, मानसी," म्हणाले. कवितेतली की घरातली, हे मी विचारलं नाही. पुस्तक छापायचं ठरलं. खराटाही थांबला. सर चक्क जेवायला लागले.

घोळ श्रियाने केला, तोही प्रेमापोटी. बाबांच्या पुस्तकात काही उणं राहू नये म्हणून तिने लॅटिन जाणणाऱ्या एका बाईंकडून मूळ कवितेचा शब्दशः अर्थ काढून आणला. मूळ कवितेत बायको बोलतच नाही. पलीकडच्या काठावरून बघते, तोंड फिरवते आणि निघून जाते. माफी पाद्र्याने पदरची घातली होती.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. "शेवटची ओवी काढून टाक."

मी भडकले. "सर, महाडात लॅटिन कुणाच्या बापाला कळतंय? पाद्र्याने माफी दिली आहे ना, मग घ्या की मुकाट्याने!"

"पाद्री भला माणूस होता," सर म्हणाले. "त्याला त्या शेतकऱ्याचे हाल बघवले नाहीत. गुरुजींनाही माझे बघवले नाहीत. पण तो दर्भाचा कावळा, मानसी. खरा शिवला नाही तो नाहीच शिवला."

मी रडत रडत ओवी पुसली. संध्याकाळी भिंतीपलीकडे खराटा पुन्हा सुरू झाला.

यंदा पुस्तकं छापून आली आणि त्याच आठवड्यात पाणी चढलं. फार नाही, घोटाभर. सकाळी उतरायला लागलं तसं मी शेजारी डोकावले. पुस्तकांचे गठ्ठे सरांच्या टेबलाखाली पाण्यात होते.

"सर, पुस्तकं!" मी दारातून ओरडले. "आधी पुस्तकं उचला!"

सरांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला होता. हातात खराटा होता.

"राहू दे," ते म्हणाले. "चिखल ओला आहे तोवर लोटू दे."

बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. कोपऱ्याकडे बघत होते, आणि कोणाला तरी वाट द्यावी तसे जरासे बाजूला सरकले. घरात ते एकटेच होते. आवाज दोन खराट्यांचा येत होता.