सगळ्यात उजळ ठिपका

वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात ती माझ्या शेजारी बसते. चहा गार करून पिते. तिचं ते "होईल रे" माझ्या डोक्यात जातं, कारण खरंच होतं.

काच तपासणाऱ्या मशीनला प्रत्येक फोटोतला सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळा ठिपका हवा होता. ग्राफिक्स कार्ड जुनाट. मी प्रोग्राममध्ये ठिपके एकेक करून तपासत बसलेलो.

ती म्हणाली, "अरे, गणपतीत कॅरमची नॉकआउट असते ना, तशी लाव. चार शेजाऱ्यांतला उजळ तेवढा पुढच्या फेरीत, एका फेरीतले सगळे सामने एकदम. शेवटी एकच उरतो. काळ्यांची वेगळी."

झटक्यात झालं. मी आतून नुसता जळत होतो.

साहेब आले तेव्हा म्हणाली, "आम्ही दोघांनी केलं."

आता तिला नावं ठेवायचीही सोय राहिली नाही.