पळसाच्या रसातले निळेकाका

“माह्या भाताची पेज कोणं नेली?” काकू अंगणातून ओरडत होत्या. आवाज असा, की वैनगंगेपलीकडच्या बायकांनीही आपापली पातेली तपासली असतील. पेज गच्चीवर होती. निळेकाका ती कागदाला चोपडत होते. पेज प्यायलेला कागद वरचा रंग पीत नाही. मान न उचलता ते म्हणाले, “कागदालेबी भूक लागते न वं.”

काका आमचे भंडाऱ्यातले शेजारी, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. खरे नाव फक्त मतदारयादीला ठाऊक. फोटो छापायच्या जुन्या, विसरलेल्या रीती शोधायचा त्यांना नाद लागला होता. कागदाला लोहक्षाराचे पाणी लावायचे, वर फोटोची फिल्म, त्यावर काच, आणि ठेवायचे उन्हात. मग धुतला की निळाशार फोटो. काकांचे हातही तसेच. त्यांनी चिरलेला पेरू आतून निळा निघाल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

मोबाईल पुढे केला की ते कंटाळून म्हणत, “हा लवकर येते, म्हणून कोणी याची वाट पाहत नाही.”

पुढे निळ्याने भागेना. पालक, बीट, झेंडू, दिसेल त्याचा रस ते कागदावर ओतू लागले. काकूंनी विचारले, “या घरात भाजी खायची, का पाहायची?” शेवटी काका पळसाच्या फुलांवर येऊन थांबले. केशरी रसाचा कागद फिल्मखाली आठवडेच्या आठवडे उन्हात पडायचा, तेव्हा कुठे चेहरा उगवायचा. पण तो पक्का होत नसे; उजेड लागेल तसा उडत जाई. काकांनी तुरटी, लिंबू, मीठ, सगळे करून पाहिले. वर्षे गेली. एकदा जिन्यातच बसले आणि म्हणाले, “ऊनच काढते अन् ऊनच नेते. थकलो गा आता.”

गावभराचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा फोटो म्हणजे आधारकार्डावरचा. तो पाहून यमानेसुद्धा दुसरा पुरावा मागितला असता. म्हणून काकूंनी हट्ट धरला आणि त्या उन्हाळ्यात काकांनी पळसाच्या रसात स्वतःला छापले. गच्चीच्या तापाने फिल्मचा पापड झाला. कागद तेवढा एकच उरला. पावसाळ्यात काका गेले.

तेरवीला वरठीचा भाचा खिळा, हातोडी आणि हार घेऊन आला. फोटो ओसरीतच लागतो, सगळ्यांचा लागतो, असे त्याचे म्हणणे. ओसरीत सकाळचे ऊन थेट भिंतीवर येते. काकूंनी कागद उचलला आणि तांदळाच्या कोठीत ठेवून झाकण लावले. भाचा चिडला, “मामी, मामा का तांदळात ठेवाची चीज आहे?” काकू कोठीवरून उठल्याच नाहीत. अखेर मी मोबाईलवर त्या कागदाचा फोटो घेतला, भाच्याने तो मोठा करून आणला. ओसरीत आज तोच आहे, प्लास्टिकच्या हारासकट. काकू त्यावरची धूळ पुसतात, पाहत मात्र नाहीत.

पाहतात त्या कोठीतल्याला. रोज तांदूळ काढताना झाकण उघडते, तेवढाच उजेड आत जातो. म्हणजे तेवढे काका जातात. परवा मला राहवले नाही. म्हटले, काकू, असे रोज पाहिल्यावर किती उरले असतील?

त्यांनी माप हाताने सपाट केले, झाकण लावले.

“माह्यापुरते आहेत.”