तापकरांचा वाटा

मधू परब जेवायला बसले की आधी स्वतःच्या ताटाकडे बघत नसत, दुसऱ्यांच्या ताटांकडे बघत. सगळ्यांना सारखं वाढलंय अशी खात्री पटली की मगच पहिला घास. कुणाच्या वाट्याला सुरमईचं शेपूट आलेलं दिसलं, तर स्वतःची मधली तुकडी उचलून तिकडे ठेवत आणि म्हणत, "वाटो सारखो होवक व्हयो. नायतर मासो बाधता." माझ्या बायकोला, शैलाला, या सवयीचं फार कौतुक. मूळची नाशिकची असूनही ती त्यांच्यासाठी सोलकढी करायला शिकली. माझ्यासाठी ती इतक्या वर्षांत काही नवीन शिकल्याचं मला आठवत नाही.

परब मालवणचे. तरुणपणी जहाजावर इंजिनिअर होते, मग कतारमध्ये, दोह्यात एका कंत्राटदाराकडे आले आणि मुऐदर भागात राहू लागले. मी अल गराफाला. आमच्या मराठी मंडळाचा मी कितीतरी वर्षं अध्यक्ष होतो. परब आले आणि शुक्रवारच्या बैठकांत लोक माझ्या सूचना संपायची वाट बघू लागले, कारण त्यानंतर परब बेटाबद्दल बोलत.

बेटाचं नाव टोकेलाऊ. प्रशांत महासागरातली तीन कंकणाकृती प्रवाळबेटं, न्यूझीलंडच्या ताब्यातली. परब सांगत, "विमानतळ नाही. सामोआहून बोटीनं दिवसापेक्षा जास्त लागतो, आणि पोचल्यावरही मोठी बोट बाहेरच उभी, कारण भोवती खडक. सगळ्यात उंच डोंगर कुठला, तर माड. तिथली जास्त माणसं न्यूझीलंडलाच राहतात. आपल्यासारखीच. गाव तिथं, पोट दुसरीकडे." सरकारचं सांगताना ते खुलत. प्रत्येक बेटावर वडीलधाऱ्यांची सभा, आणि साऱ्या देशाचं प्रमुखपद तिन्ही बेटांकडे पाळीपाळीनं. "राजधानी अशी नाहीच. ती प्रमुखाबरोबर होडीत बसून पुढच्या बेटावर जाते." पैसा येतो तो परक्या जहाजांना मासेमारीचे परवाने देऊन. पण स्वतः पकडलेला मासा विकायचा नाही. तो किनाऱ्यावर ओतायचा आणि घरागणिक, माणसं मोजून वाटे घालायचे. म्हातारी असो, आजारी असो, पाहुणा असो, वाटा येणारच. "जेका वाटो घालूक येता, तोच राज्य करूक शकता," हे त्यांचं ठरलेलं शेवटचं वाक्य.

लोक त्यांना बेटकर म्हणू लागले. माझी नात माझ्याशी इंग्रजीतच बोलते. तिनं एकदा त्यांना चक्क मराठीत विचारलं, "मग काका, मासे वाटतो त्याला स्वतःला किती?" परब म्हणाले, "तेवढंच, बाय. पण सगळ्यात शेवटी." त्या रात्री मी टोकेलाऊबद्दल इंटरनेटवर सापडेल ते वाचून काढलं. एखादी तरी चूक सापडावी म्हणून. सापडली नाही.

मग परबांनी मंडळात सूचना मांडली. अध्यक्षपदही पाळीनं फिरवायचं. एक वर्ष गराफा, एक वर्ष मुऐदर आणि एक वर्ष मुशैरिब, म्हणजे तिथल्या हॉटेलांत काम करणारी, कुटुंबाशिवाय राहणारी मुलं. ही मुलं गणपतीत मांडव घालत आणि महाप्रसादाला शेवटच्या पंगतीत बसत. तोपर्यंत श्रीखंड खलास झालेलं असे. ही माझ्या अध्यक्षपदाची रीत होती, आणि परबांनी तिच्यावर चार लोकांत बोट ठेवलं नाही. नुसतं बेटाचं उदाहरण दिलं.

सभेच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना गाडीतून घरी सोडत होतो. सहज विचारावं तसं विचारलं, "परब, तिथं राहिलात किती?"

ते हसले. "तीन दिवस, अध्यक्षानू. तेय तापात. जहाजावर माका ताप इलो, म्हणान होडीतून उतरवलो. चटईवर पडान होतंय. पण रोज वाटो इलो. माशाचो रस्सो करून एक आजी भरवी. बाकीचा मागीर वाचलंय, इचारलंय." मग गाडीतून उतरताना म्हणाले, "कोणाक सांगू नकात. पोरां हसतली."

सभेत त्यांचं बोलणं संपल्यावर मी उभा राहिलो. म्हणालो, "ज्या बेटाच्या जोरावर आपण मंडळाची घटना बदलतोय, तिथं हे गृहस्थ तीन दिवस होते, आणि तिन्ही दिवस तापात. बेटकर कसले, हे तर तापकर."

हशा पिकला. शैला हसली नाही. परब उठले, मालवणीतच म्हणाले, "तापात खाल्लो म्हणान वाटो खोटो जाता काय?" पण हशात ते फारसं कुणाला ऐकू गेलं नाही. मतदान झालं. बहुमत त्यांच्याच बाजूनं होतं. घटना बदलायला मात्र दोन तृतीयांश मतं लागत होती, तेवढी पडली नाहीत. परब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आमच्या बेटाचा पण असाच झाला. स्वतःचा राज्य व्हया काय म्हणान दोनदा मतदान झाला, दोनदा बहुमत, आणि दोनदा थोडक्यात रवला." त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर त्यांनी बेटाचं नाव काढलं नाही. तापकर हे नाव मात्र चिकटलं. नवीन येणाऱ्यांना तर ते थापकर ऐकू येई, आणि वाटे, हा माणूस थापा मारतो म्हणून हे नाव. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. मी अध्यक्ष राहिलो.

परवा मालवणहून फोन आला. परब गेले. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आपले थापकर काका गेले." खाली हात जोडलेल्यांची रांग. म्हणून हे लिहितो आहे. परबांनी सांगितलेलं सगळं खरं होतं. मी तपासलं होतं, सभेच्या कितीतरी आधी.

शैलानं विचारलं, "त्यांचा वाटा आठवतो का?"

दोहा सोडायच्या आधीच्या शुक्रवारी परबांनी वक्राच्या मासळीबाजारातून सुरमई आणल्या आणि मुऐदरच्या घराच्या अंगणात कागद पसरून वाटे घातले. ज्यांच्याकडे कधी जेवले होते त्या प्रत्येक घराचा एक. मी गेलो नव्हतो. दुपारी मुशैरिबचा एक मुलगा पिशवी घेऊन दारात आला. मान खाली घालून म्हणाला, "तापकरांकडनं वाटा. असंच सांगा म्हणाले."

शैलानं तो तळला. मी जेवलो आणि मग एकेका घरी फोन केले, काहीतरी निमित्त काढून. तुम्हाला किती तुकड्या आल्या, मधल्या की शेपटाकडच्या, सगळं विचारलं. मला हवं होतं की माझा वाटा लहान निघावा.

तो सगळ्यांएवढाच होता.