घासाघीस न करता घेतलेलं ग्राफिक्स कार्ड

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. सिंदी मेघेला माझा स्टुडिओ आहे. लग्नसराई तापली की जुनं मशीन मान टाकायचं. चार कॅमेऱ्यांची हळद एकत्र लावली की नवरी अडकत अडकत पाटावर बसायची. भारी ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरवलं, तेव्हा माझ्या कामाची दोनच कार्डं बाजारात होती. महागडं कार्ड दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीचं, आणि गेम खेळणारे यूट्यूबवर वेगातला फरक थोडासाच दाखवायचे. त्या हिशोबाने स्वस्तातलंच बरं. पण ते एसीत बसून मोजतात. आमच्या मे महिन्यात कार्ड तापलं की स्वतःच वेग कमी करतं. महागड्याचे पंखे मोठे होते, मेमरीही जास्त. म्हणजे जादा पैसा वेगाचा नव्हता, न थांबण्याचा होता.

मी आंजीच्या भाजीवाल्यांच्या घरातला. कोबीचं पोतं उलटं केल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. स्टुडिओतली खुर्चीसुद्धा मी भांडून घेतली आहे. पण वर्ध्यात कॉम्प्युटरचं दुकान होतं धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं, आणि आमच्यात जावयाशी भाव करत नाहीत. त्याचा माल तपासणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं.

बाबांनी बजावलं, "जवाईबापू मागतीन तेवढे दे. तुह्या तोंडापायी पोरीचं येणंजाणं बंद झालं, तर माह्या घरात पाय ठेवू नको."

एकच बहीण आहे मला. सांगितलेली किंमत दिली आणि महागड्या कार्डाचं खोकं न उघडता घेऊन आलो.

मे लागला आणि ते कार्ड दर दहा मिनिटांनी धापा टाकू लागलं. स्वस्तातलं कार्ड माझ्या मित्राकडे होतं. हळदीची एकच फाईल दोन्ही मशीनवर लावली. त्याचं काम संपलं, तेव्हा माझं अर्ध्यावर घुरघुरत होतं. मी कार्ड बाहेर काढलं. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या, आत करडी धूळ घट्ट बसलेली. कुठेतरी वर्षभर राबवलेलं जुनं कार्ड नव्या खोक्यात घालून मला विकलं होतं.

तसाच दुकानात गेलो.

"जवाईबापू, हे लय तापते. नवं आहे?"

तो गिऱ्हाइकांकडे पाहून हसला. "दादा, तुमच्याजवळ काई बी गरमच होते. डोकंच तसं आहे तुमचं."

"स्क्रू पाहा."

"साळ्यानं जवायाचे स्क्रू तपासावं? भाजीबाजार समजला काय बे?"

मी कार्ड त्याच्या तोंडावर मारलं. कार्डाच्या लोखंडी पट्टीने भुवई फाटली. त्याने हाती आलेला कीबोर्ड माझ्या कानावर हाणला, बटणं उडाली. मी त्याची कॉलर धरून त्याला काउंटरवर आपटलं. काच फुटली, दोघांचेही हात कापले. गिऱ्हाइकं पळाली. तो खाली पडल्यावर मी छातीवर गुडघा दिला आणि प्रत्येक ठोशामागे विचारत गेलो, "जुनं का नवं?"

"नवं!"

नाकाचं हाड मोडल्याचं मला मुठीत कळलं.

"जुनं! जुनं आहे! सोड!"

वरच्या मजल्यावर त्यांचं घर. बहीण जिना उतरून आली होती. तिने स्टूल ओढलं, फळीवरचं तसंच सीलबंद खोकं काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"हेच पाह्यजे ना तुले?"

"यानं मले फसवलं. मी भाव नाई केला, म्हणून—"

"हेच पाह्यजे ना?"

"हो."

"मंग घे. इथंच उघडून पाह्य, नाईतर उद्या पुन्हा येशीन. अन् मी आता तिकडं येत नाई. बाबाले तूच सांगजो."

नवरा जमिनीवर रक्त थुंकत होता. मी सदऱ्याला बोटं पुसली, सील कापलं आणि कार्ड उजेडात फिरवून पाहिलं. कोरं होतं. घेऊन निघालो.

बाबा अजून म्हणतात, ते नवं कार्ड तरी तिथेच ठेवून यायचं होतं. का ठेवायचं? नव्याची किंमत मी दिली होती. भाऊबिजेला तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. पहिला फोन जावयाने करायचा. खोटं त्याने विकलं.