मिस्त्रीचे चार अँपिअर

"दिवा नोका पाहू बाबू, काटा पाहा," असं म्हणत तो खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मीटरची काच पुसायचा. वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चालायचा तेव्हाची ही गोष्ट. नांदुऱ्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी कारकून होतो आणि तो विजेचा मिस्त्री. गावात कंदील होते. आमच्या जिनात मात्र दिव्यांपुरता डायनॅमो होता, आणि त्याचा थाट या चौथी पास माणसाच्या अंगात भिनला होता.

एकच विद्या येणारी पण ती सगळीकडे लावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शेठजी मुकादमावर ओरडले की हा माझ्या कानाशी लागे. "दाब दोनशेवीस व्होल्टचा, अन् मुकादमातून करंट जाते दोन अँपिअर. भागा! एकशेदहा ओम रेझिस्टन्स हाय गड्याचा." मला हसू आवरत नसे. काय सुखाचे दिवस होते ते!

एका हंगामात, दिवेलागणीला, आवारात कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. मिस्त्री मीटरसमोर थबकला.

"बाबू, काटा बारावर काऊन गेला?"

दिवे तर रोजच्यासारखेच जळत होते. त्यानं खडू घेऊन पत्र्याच्या दारावर गणित मांडलं. चाळीस वॅटचे चव्वेचाळीस दिवे, म्हणजे सतराशेसाठ वॅट. दोनशेवीसनं भागले की आठ अँपिअर. "मंग वरचे चार कोन खाऊन राह्यलं?" त्या चारांना दोनशेवीसनं गुणून त्यानं आठशेऐंशी लिहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

"एवढी शेगडी कुठंतरी पेटली हाय बाबू. अन् इथं सारा कापूस."

त्यानं खटका ओढला. जिनात अंधार झाला. शेठजी धावत आले.

"काम कोणी थांबवलं?"

"म्या."

"काही सापडलं नाही, तर उद्या येऊ नको."

बॅटरीच्या उजेडात आम्ही कानाकोपरा धुंडाळला. गोदामात दिव्याच्या तारेला भाकरीची गाठोडी ओळीनं टांगलेली होती. ओझ्यानं तार लोंबून भिंतीच्या पत्र्यावर घासली होती, वरचं आवरण गेलं होतं आणि वीज पत्र्यात शिरत होती. पत्रा इतका तापला होता की हात लावता येईना. खालचा कापूस तांबूस पडला होता.

"हे कोणी टांगलं? त्याला आत्ताच हाकलतो," शेठजी म्हणाले.

कामावरच्या बाया खाली मान घालून उभ्या होत्या. उंदीर भाकरी नेतात म्हणून त्या रडकुंडीला आल्या, तेव्हा ती तार मीच त्यांना दाखवली होती. गाठोड्यांत माझा पितळी डबाही होता. मिस्त्रीनं तो ओळखला, माझ्याकडे एकदा पाहिलं.

"तार म्या ढिली ओढली होती शेठजी. चूक माही हाय."

"म्हणजे तुझ्यामुळेच माझं जिन जळणार होतं!" शेठजींनी त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. सगळं वाचवलं ते त्यानंच, पण हे कुणीच बोललं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनवर गेलो. तो वळकटीवर बसला होता.

"काऊन रडता बाबू? मले तार ओढता येते, कुठंही पोट भरन. तुमचं तसं नाही," तो म्हणाला आणि सरकून मला बसायला जागा केली.

गाडीला अजून अर्धा तास होता. शेठजींचा बंगला स्टेशनसमोरच होता; खरं सांगून यायला तेवढा वेळ पुरला असता. मी गेलो नाही.