येळवशीला गाव राखणारा चंद्रप्पा

येळवशीच्या दिवशी आमचं गाव ओस पडायचं. वेळ अमावस्येला हिरव्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी राहायची, पाच दगडांना चुना लावून पांडव पुजले जायचे आणि भज्जी, उंडे, आंबील खायला अख्खं गाव रानात जायचं. गावात मागं राहायचा तो फक्त चंद्रप्पा.

हे ठरवून झालं नव्हतं. एका येळवशीला त्याची बायको रत्नम्मा तापानं फणफणली होती, म्हणून तो घरी थांबला. त्या दुपारी दोन परकी माणसं पाटलाच्या घराचं कुलूप तोडत होती. चंद्रप्पानं काठी घेऊन त्यांना वेशीपर्यंत पिटाळलं. पुढच्या वर्षी जाणत्यांनीच त्याला विनवलं, तू थांबलास तर जिवाला घोर नाही. त्याला स्वतःचं रान नव्हतं. तो हो म्हणाला.

मग सालोसाल तो देवळाच्या पारावर बसायचा. दिवस कलला की बैलगाड्या परतायच्या आणि घराघरातून त्याच्यासाठी वाढून आणलेलं उतरायचं. शेजारच्या कस्तुराबाईंची आंबील सगळ्यांत आधी यायची. रत्नम्मा म्हणायची, आपली येळवस गाव जेवल्यावर असते.

रत्नम्मा गेली. लेकरंबाळं नव्हती. गावातली बरीच घरं रेणापूरला, लातूरला गेली. येळवशीला माणसं अजूनही येतात, पण गाडीनं थेट शेतात, आणि तिथूनच माघारी. दोन वर्षांमागच्या येळवशीला अंधार पडेस्तोवर चंद्रप्पाकडं कुणीच आलं नाही. त्यानं सकाळची भाकरी खाल्ली.

गेल्या वर्षी मात्र तो दुपारीच उठला आणि रानाकडं चालू लागला. पहिल्याच कोपीतल्या पोरांनी अगत्यानं हाक मारली, "या बाबा, जेवायला. कोण्या गावचे तुम्ही?"

"हितलाच हाय," तो म्हणाला आणि पुढं गेला.

कस्तुराबाई त्यांच्या कोपीत बसल्या होत्या. गुडघे गेल्यापासून त्या लेकाकडं लातूरला राहत. त्यांनी त्याला लगेच ओळखलं.

"गावात कुणाला ठिवून आलास, चंद्रप्पा?"

"कुणालाच न्हाई, आक्का. राखाया काय राहिलंय तिथं?"

त्यांनी आंबिलीचा तांब्या त्याच्या हातात दिला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच कोपीच्या सावलीत जेवला. नातवंडं फोटो काढत होती, त्यांना हा कोण ते ठाऊक नव्हतं. ऊन उतरलं तशी लेकानं आईला उचलून गाडीत बसवलं. कस्तुराबाईंनी काचेतून हात हलवला. गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत चंद्रप्पा बांधावर उभा होता.

पावसाळ्यात कस्तुराबाई गेल्या. त्याला ते महिन्यानं कळलं.

यंदा तो रानात गेला नाही, पारावरही बसला नाही. त्यानं घरीच ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबील केली. एकट्यापुरतीच केली होती, तरी उरली.