खुरांचं तेल

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे अख्ख्या शहाद्याला ठाऊक होतं. त्यामुळे अब्बा माझ्याशी भांडायचे नाहीत, नुसते गप्प बसायचे. मी सायकलवर बसायला लागल्यापासून ते असेच गप्प झाले होते. त्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या स्वभावाप्रमाणे, म्हणजे वाईटच, लावून घेतला होता.

अब्बा नालबंद होते. घोड्यांना नाल ठोकणं हा आमचा पिढीजात धंदा. माझ्या लहानपणी ओट्यासमोर सकाळपासून टांग्यांची घोडी उभी असत. मग गावात सायकलचं दुकान निघालं. मास्तर सायकलवर, टपालवाला सायकलवर, बडे शेतकरीसुद्धा वावरात सायकलनेच जाऊ लागले. सायकलला नाल लागत नाही. आणि मी नेमकं त्याच दुकानाचं काम धरलं होतं. नवरा वारल्यावर विसाव्या वर्षी मी माहेरी परत आले आणि दुकानासाठी सीटची कव्हरं शिवू लागले. दुकानदाराच्या बायकोनेच मला घरामागच्या रिकाम्या वावरात सायकल शिकवली. पडून पडून गुडघे सोलले, पण एकदा जमल्यावर मी अशी सुटले की ती मागून "थांब वं माय, थांब" करत राहिली.

दुकानदाराची एक रीत होती. दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरे, तिथपर्यंत तो शहाद्याहून आपल्या सायकलस्वारांची शर्यत लावायचा. पहिल्या तिघांना वर्षभर पगारावर ठेवायचा. त्यांनी यात्रा-बाजारांत सायकली पळवून दाखवायच्या, गावोगावच्या शर्यतींत दुकानातर्फे उतरायचं. त्या वर्षी त्याने मला उतरवायचं ठरवलं आणि विचारायला आमच्या ओट्यावर आला.

"तुन्ही पोर गडीसले मांगे टाकस," तो अब्बांना म्हणाला. "येऊ दे तिले."

अब्बांनी हातातला खूर खाली सोडला. "लोके काय म्हनतीन?"

"पगार देखतीन ना, मंग गप्प बसतीन."

अब्बा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मला ती नोकरी हवीच होती. माझ्या दुसऱ्या निकाहाची बोलणी घरात सुरू झाली होती आणि तो माणूस अब्बांपेक्षा वर्षा-दोन वर्षांनीच लहान होता. चार पैसे मिळवू लागले तर ही बोलणी थांबतील, नाहीतर मला मुकाट्याने त्या घरी जावं लागेल, हे मी ओळखून होते. अब्बांच्या मनात काय आहे ते मात्र कळायला मार्ग नव्हता.

शर्यतीच्या दिवशी मी उठले तेव्हा अब्बा पहाटेच हत्यारांची पेटी घेऊन बैलगाडीने यात्रेला निघून गेले होते. जाताना त्यांनी मला उठवलंसुद्धा नाही. मी सलवारीचे पाय सुतळीने बांधले, ओढणी कमरेला खोचली आणि ओट्यापाशी ठेवलेली सायकल घेऊन दुकानापाशी गेले. आठ पुरुष आणि मी. शर्यत सुटली. पहिल्या वळणावर चाक जरा सरकल्यासारखं वाटलं, पण म्हटलं, वाटेवर वाळू असेल. निम्म्या वाटेवर नाला लागतो. उतारावर मी ब्रेक दाबला, तर सायकल थांबेचना. मी थेट नाल्यातल्या वाळूत जाऊन आपटले. पाठचे सगळे माझ्याकडे बघत पुढे निघून गेले.

चाकावर बोट फिरवलं. तेल. नाकाशी नेलं तर करंजाचं, अब्बा घोड्यांच्या खुरांना चोळायचे तेच. त्या डब्याला घरात दुसरं कोणी हात लावत नसे. सख्ख्या बापाने मला पाडलं, असं माझ्या मनाने घेतलं. मी त्या वाळूत बसून रडले आणि रडता रडता त्यांना नको नको ते बोलले. मग ओढणीने आणि वाळूने दोन्ही चाकं घासघासून पुसली आणि निघाले. रागात माणूस किती जोरात पायडल मारतो ते मला त्या दिवशी समजलं. पाच जणांना मी मागे टाकलं आणि सहाव्याचं चाक बाभळीच्या काट्याने पंक्चर केलं. मी तिसरी आले.

दुकानदार काहीतरी बोलत होता, ते ऐकून न घेताच मी सायकल ढकलत अब्बांना शोधत गेले. दरवर्षीच्या लिंबाखाली ते माझ्याकडे पाठ करून एका पांढऱ्या घोडीचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. भांडायची सगळी वाक्यं मी वाटेतच जुळवली होती. अब्बा घोडीवाल्याशी बोलत होते.

"मन्ही पोर येई ऱ्हायनी सायकलवर. सकायमा उठीसन तिना चाकेसले खुरनं तेल चोपडं मी. थंडीमा सुकं रबर फुटी जाई."

"सायकलले तेल?" घोडीवाला हसला.

"लांबना पल्लाले घोडीना खुरले लावतस, मंग चाकले का नही?"

माझा जीव भांड्यात पडला. नोकरी मिळाली याचाही इतका आनंद झाला नव्हता. तेवढ्यात अब्बांनी वळून पाहिलं. माझे कपडे फाटलेले, कोपर सोललेलं.

"कितवी उनी?"

"तिसरी."

त्यांनी वाकून चाकाकडे पाहिलं. "मंग तेल कामले उनं."

"हा, अब्बा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी तोंडाशी आलेलं गिळलं.

निकाहाची बोलणी अब्बांनीच मोडली. पुढे सात वर्षं मी पगारावर सायकल मारली. तळोदा, दोंडाईचा, शिरपूर, कुठे कुठे शर्यतींत उतरले, काही जिंकल्या, पुष्कळ हरले. निघायच्या दिवशी पहाटे अब्बा चाकांना तेल चोपडायचे आणि गावाबाहेर पडले की मी उतरून, पिशवीतलं फडकं काढून ते पुसायची. कधी सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षी त्यांची नजर गेली आणि हात थरथरू लागला. एका पहाटे तेल चाकावर न पडता सगळं साखळीवर सांडलं, म्हणजे जिथे पडायला हवं तिथेच. सायकल कधी नव्हे इतकी हलकी चालली. गावाबाहेर आल्यावर मी नेहमीसारखी उतरले आणि फडकं काढलं. चाकं कोरडी होती. पुसायला काहीच नव्हतं, तरी मी तिथे बराच वेळ उभी राहिले.